सर्कस मैदानावर मदतीचा खेळ

"सातारा मी आणतो," हे वाक्य मी सांगलीत, मेहुण्याच्या पेढीवर, हळदीच्या पोत्याला टेकून बोललो. हातात उसाचा रस होता, डोक्यावर पंखा होता आणि ऐकायला सासरची माणसं होती. अशा वेळी माणसाला आपण काहीही आणू शकू असं वाटतं.

प्रकरण असं होतं. माझा मेहुणा धैर्यशील हळदीचा व्यापार करतो आणि उरलेल्या वेळात मूकबधिर मुलांच्या एका शाळेचा कारभार बघतो. पुरात त्या शाळेच्या वसतिगृहाचं स्वयंपाकघर खचलं. तेव्हापासून मुलांचा स्वयंपाक व्हरांड्यात, ताडपत्रीच्या आडोशाला चाललाय. पुढच्या पावसाच्या आत ते बांधून काढायचं होतं. त्याच सुमाराला गावात एक लहानशी सर्कस उतरली. धैर्यशीलने तिच्या मॅनेजरला गळ घालून रविवारच्या तीनच्या खेळाचं उत्पन्न शाळेसाठी मागून घेतलं. मॅनेजर तयार झाला, पण त्याने एक अट घातली. निम्मा तंबू तरी भरलेला पाहिजे, नाहीतर खेळ नाही. आणि रविवारी तीन वाजता सांगली जेवून आडवी झालेली असते.

म्हणून मी सातारा आणणार होतो.

"दाजी, खरंच आणाल?" धैर्यशीलने विचारलं.

सासरवाडीत जावयाला 'खरंच' असं विचारायची रीत नाही. मी रसाचा पेला खाली ठेवला आणि म्हणालो, "गाडी भरून आणतो. आणि नुसती माणसं नाही, हौशी माणसं."

हे ऐकायला क्रांती, म्हणजे माझी बायको, नेमकी तेव्हाच आतून बाहेर आली. परतीच्या एसटीत ती खिडकीकडे बघत म्हणाली, "तुम्ही माझ्या माहेरात शब्द दिलाय. तो ऑफिसातल्यासारखा पुढच्या टेबलावर सरकवता यायचा नाही."

मी सरकारी कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झालो आणि लगेच साताऱ्यातल्या आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी झालो, त्यामुळे माणसं जमवणं ही काय चीज आहे हे मला ठाऊक असायला हवं होतं. मी पहिल्यांदा पुरुषांची बैठक घेतली. पहिल्या मजल्यावरचे सुभेदार नाथाजी लष्करातून निवृत्त झालेत, पण लष्कर त्यांच्यातून अजून निवृत्त झालेलं नाही. धैर्यशीलने छापलेला कागद त्यांनी हात लांब करून वाचला. त्यावर 'चॅरिटी शो' असं होतं.

"चॅरिटी म्हंजी चॅरिटी कमिशनर आला," सुभेदार म्हणाले. "नोंदनी लागती. ऑडिट लागतं. आपली नोंदनी हाय का, सेक्रेटरी?"

"आपण नुसती बघायला जायचंय, साहेब."

"बघनाऱ्याला बी विचारत्यात मागनं."

मग नोंदणी लागते की नाही यावरच बैठक चालली. तळमजल्यावरचा नानासो आटपाडीकडचा, इथे एमआयडीसीत फिटर. त्याने वेगळीच शंका काढली. "आता सर्कशीत वाघ नसतोय, हत्ती नसतोय. मग जाऊन बघायचं काय? मानसं? ती हितं बी हायत की." एकाने सांगितलं की रविवारी गाडी धुवायची असते. दुसऱ्याचं म्हणणं, महाबळेश्वरला नेत असाल तर घरचे सगळे येतील, स्ट्रॉबेरीही होईल. शेवटी चारपाच जणांनी 'बघू' असं म्हटलं. कचेरीत मी हा शब्द आयुष्यभर वापरला आहे, त्याचा अर्थ मला कुणी सांगायला नको.

तेव्हा मी बायकांकडे वळलो. आमच्या सोसायटीतल्या महिलांचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप आहे आणि तो दुसऱ्या मजल्यावरची स्वप्नाली चालवते. क्रांती त्या ग्रुपमध्ये नाही. टाकीच्या पाण्यावरून एकदा बोलाचाली झाली तेव्हा ती बाहेर पडली, आणि सेक्रेटरीच्या बायकोने परत आत जायचं म्हणजे माघार घेतल्यासारखं होतं, हे तिचं मत आहे. मी स्वप्नालीला मजकूर लिहून दिला.

हा मजकूर मी विचारपूर्वक लिहिला होता. 'चॅरिटी' या शब्दाने सुभेदारांचं काय झालं ते मी पाहिलंच होतं. शिवाय आयुष्यभर मराठीतून टिपण्या लिहिलेल्या माणसाला 'शो' हा शब्द लिहिताना हात अडखळतो. सर्कशीच्या प्रयोगाला मराठीत खेळ म्हणतात. तेव्हा मी लिहिलं: 'रविवारी दुपारी तीन वाजता सांगली येथे सर्कस मैदानावर मदतीचा खेळ. बसची व्यवस्था केली आहे. महिलांनी मोठ्या संख्येने सहभागी व्हावे.' 'उपस्थित राहावे' हे नेहमीचं झालं म्हणून 'सहभागी व्हावे' घातलं. त्यात आपुलकी आहे.

संध्याकाळी स्वप्नाली दारात. "काका, गाडी भरली. मागच्या गल्लीतल्या बायकाही विचारतायत. एवढ्या लांब खेळ असला तरी चालेल म्हणतात."

मी तिला म्हणालो, चांगल्या भाषेत लिहिलं की माणूस येतो.

त्या आठवड्यात सोसायटीत सर्कशीबद्दल जो उत्साह उसळला, तो पाहून मला आपल्या समाजाबद्दल आशा वाटू लागली. एकदा जिन्यात स्वप्नाली तोंडात चमचा आणि चमच्यात लिंबू धरून उतरताना दिसली. मी वाट दिली. नानासोची आई अंबूबाई, अर्धं आयुष्य मेंढरांमागे चाललेली बाई, पार्किंगमध्ये बसून फुगे फुगवत होती. एक फुटला की दुसरा घ्यायची. मी विचारलं, "काय अंबूबाई, सर्कशीची तयारी?"

"मग? दम टिकाय पायजे," ती म्हणाली.

बघायला जाणाऱ्याला दम कशाला लागतो, हे मी विचारलं नाही. म्हातारीला उंचावरची कामं बघवत नसतील, आधीच छातीचा व्यायाम करत असेल, असं मी समजलो. क्रांती मात्र संशयाने म्हणाली, "बायका पार्लरला जाऊन आल्या. सर्कशीला?" मी तिला म्हटलं, तुझ्या माहेरी येतायत, तो मान आहे.

गाडी पप्पूची. पप्पू स्वतःच मालक आणि स्वतःच ड्रायव्हर. प्रवासाच्या परवानगीच्या अर्जात कारण लिहावं लागतं, तिथे त्याने 'लग्न' लिहिलं. मी हरकत घेतली. खोटं कारण लिहिलेला अर्ज मी नोकरीत कधी पुढे पाठवला नव्हता, निदान जाणूनबुजून नाही.

"काका, अर्जात लग्न हाय, देवदर्शन हाय, सहल हाय," पप्पू म्हणाला. "सर्कस न्हाई. लिहिली तर साहेब आदी हसनार, मग थांबवनार. लग्नाला कोन काय इचारत न्हाई."

रविवारी सकाळी सुभेदारांनी शिट्टी मारून सगळ्यांना पार्किंगमध्ये रांगेत उभं केलं. ते आलेच होते, कारण एवढ्या बायका निघाल्यावर 'एस्कॉर्ट' लागतो असं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. रांग बघून मी थक्क झालो. भरजरी साड्या, नथी, गजरे, कमरेला पदर खोचलेले. दोघीतिघींनी तर नऊवारी नेसली होती. चाळीसएक बायका आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतके पुरुष. क्रांती साध्या सुती साडीत होती, ती एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघून गाडीत चढली.

वाटेत गाड्या तपासणाऱ्या एका साहेबांनी आम्हाला थांबवलं. त्यांनी कागद पाहिला आणि आत डोकावून विचारलं, "नवरदेव कुठाय?"

"पुढच्या गाडीत," पप्पू म्हणाला.

"आणि नवरी?"

"सांगलीत."

साहेबांनी बायकांच्या नथी बघितल्या आणि त्यांचं समाधान झालं. इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण खोट्या कारणाचा कागद सरकारी माणसाच्या हातात आहे हे मला बघवेना. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "साहेब, खरं सांगायचं तर ही सर्कस आहे."

साहेबांनी माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं. "मुलीकडचे का?" त्यांनी विचारलं. "होतं असं. बसा. देणंघेणं झालं की डोकं शांत होईल." त्यांनी कागद परत दिला. पप्पूने सांगलीपर्यंत मला काही बोलू दिलं नाही.

नदीच्या अलीकडच्या मैदानात तंबू होता. दारात धैर्यशील उभा, शर्ट घामाने भिजलेला. शेजारी सर्कशीचा मॅनेजर अर्जुना. हा सीमेकडचा माणूस, त्याची मराठी कानडीच्या अंगाने चालायची. मी गाडीतून उतरून धैर्यशीलला म्हणालो, "आणला सातारा." त्याने माझे दोन्ही हात धरले. आत डोकावून पाहिलं तर पुढच्या रांगेत शाळेची मुलं, मागे त्यांचे मास्तर, आणि त्यामागे रिकाम्या खुर्च्यांचा समुद्र.

"एवढ्यानं होत नाही रीऽ," अर्जुना म्हणाला. "झोक्यावरची पोरं वर चढनार नाहीत. खाली रिकाम्या खुर्च्या दिसल्या की हात सुटतोय म्हनतात. माझा बाप पन हेच सांगायचा. साडेतीनपर्यंत बघतो, मग बंद."

"ही गाडी आत जाऊ द्या, मग बघा," मी म्हणालो.

पण गाडी आत जाईना. बायका दाराबाहेर घोळका करून उभ्या होत्या आणि तंबूकडे बघत होत्या. पहिल्यांदा स्वप्नाली बोलली. "काका, स्टेज कुठाय?"

"आत गोल रिंगण आहे, त्यातच सगळं."

"आणि भावजी कुठायत? माइकवाले? खेळ घेणारे?"

"आतमध्ये विदूषक आहे."

"आरं, साडी कुटाय पन?" मागून अंबूबाईने विचारलं.

"कसली साडी?"

"पैठनी. खेळाची."

मग सगळं बाहेर आलं. हल्ली आपल्याकडे गावोगाव बायकांसाठी पैठणीचे खेळ होतात. फुगे फुगवायचे, चमच्यात लिंबू न्यायचं, संगीत खुर्ची खेळायची आणि जी शेवटी उरेल तिला पैठणी. आता खेळ म्हटलं की बायकांना तोच खेळ समजतो, आणि सर्कस मैदान म्हणजे मैदानाचं नाव. स्वप्नालीने फोन काढून माझाच मजकूर मला वाचून दाखवला. त्यात तंबू नव्हता, प्रयोग नव्हता, 'सहभागी व्हावे' मात्र होतं. माझं शुद्ध मराठी माझ्यापुढे असं मोठ्याने वाचलं जात होतं आणि धैर्यशील ऐकत होता.

"तुम्ही शो लिहिलं असतं तर कळलं असतं," स्वप्नाली म्हणाली.

"म्या आठ दिस फुगं फुगवलं," अंबूबाई म्हणाली. "गाल दुखत्यात माजं. आता सर्कस बघू व्हय? घरी नातवंडं हायत, त्यांची बघती की मी रोज."

आणि ती दाराशेजारी सावलीला बसली. तिच्या पाठोपाठ सगळ्याच बसल्या. सुभेदारांनी शिट्टी मारली, 'उठ'ची आज्ञा दिली, कुणी हललं नाही. ते परत येऊन मला म्हणाले, "सेक्रेटरी, ही पलटन आपल्या हातात न्हाई." अर्जुनाने घड्याळ बघितलं. क्रांती थोडी दूर, भावाच्या शेजारी उभी होती. ती माझ्याकडे बघतही नव्हती, आणि बघितलं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटलं. ताडपत्रीखाली शिजणारा भात मला दिसत होता. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त मला माझं स्वतःचं तोंड दिसत होतं, पुढच्या दिवाळीत सासरच्या पंगतीत खाली घातलेलं.

एवढ्यात रस्त्यावरून स्कूटीवर दोन बायका चालल्या होत्या. नटूनथटून बसलेल्या चाळीस बायका बघून त्यांनी ब्रेक लावला. "काय आहे हो इथं?"

"पैठनीचा खेळ व्हता म्हनं," अंबूबाई तुटकपणे म्हणाली. "सातारसनं आलोय आमी त्यासाठी."

"सातारसनं? मग मोठाच असणार," एक दुसरीला म्हणाली आणि तिने लगेच फोन काढला. थोड्याच वेळात आणखी दोन स्कूट्या आल्या, मग एक रिक्षा भरून आली. समोरच्या चाळीतल्या बायका केस बांधत बाहेर आल्या. 'होता म्हणे' यातलं 'होता' वाटेतच कुठेतरी पडलं असावं. जी ती येऊन नाव कुठे द्यायचं ते विचारत होती.

धैर्यशील व्यापारी माणूस. बाजार कुठे भरतोय ते त्याला माझ्याआधी समजलं. त्याने मला बाजूला घेतलं. "दाजी, खेळ घेऊया."

"कुठे?"

"आतच, रिंगणात. पण तिकीट काढून आत, आणि सर्कस झाल्यावर शेवटी."

अर्जुना आधी नाही म्हणाला. त्याच्या रिंगणात बायका लिंबं घेऊन पळणार हे त्याला पटेना. मग त्याने दाराबाहेरची गर्दी एकदा नीट पाहिली. "विदूषक माइक धरेल," तो म्हणाला. "झोक्याच्या आधी कुनी उठायचं नाही. आणि साडी तुमची तुमी आना."

साडी. रविवारी दुपारी पैठणीचं दुकान कुठलं उघडं असणार? धैर्यशीलच्या बायकोच्या हातात एक पिशवी होती. क्रांती माहेरी येणार म्हणून ओटी भरायला तिने आणलेली. पूर आल्यापासून पेढीचं ओढाताणीचंच चाललं होतं. क्रांती माहेरी गेली की ओटीत खण आणि नारळ यायचा, तीही कधी काही बोलली नाही. यंदा हळदीला बरा भाव लागला, तेव्हा धैर्यशीलने बहिणीसाठी पहिल्यांदा पैठणी घेतली होती. मोरपंखी, जांभळ्या काठांची. त्याने पिशवीकडे बघितलं आणि मग बहिणीकडे.

"आक्का," एवढंच तो म्हणाला.

क्रांतीने पिशवीत हात घातला, साडीचा काठ अंगठ्याने एकदा चाचपला आणि म्हणाली, "दे. मुलांचं काम आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "जा, सांगा त्यांना. साडी आहे म्हणावं."

मी जाऊन सांगितलं. सातारा उठला आणि आत गेला, त्याच्या मागून सांगली आत गेली. साडेतीनला तंबू निम्म्याहून जास्त भरला होता आणि तिकिटाच्या खिडकीवर सुभेदार रांग लावत होते.

सर्कस सुरू झाली. पहिले दोनतीन प्रकार बायकांनी लग्नात मंगलाष्टकं ऐकावीत तसे ऐकले, म्हणजे एकमेकींशी बोलत. नानासो दर वेळी मला, "वाघ न्हाईच की," असं सांगत होता. मग दिवे मंद झाले आणि झोकेवाले वर चढले. एक मुलगी झोका सोडून हवेत निघाली आणि पलीकडच्याने तिचे हात धरेपर्यंत तंबूत कुणी श्वास घेतला नसावा. अंबूबाईने माझा दंड धरला होता. "आगं बया, पोरीची जात," ती पुटपुटत होती, "आईला ठावं हाय का हिच्या?" पुढच्या रांगेतली मुलं दोन्ही हात वर करून हलवत होती, ती तशीच टाळ्या वाजवतात. ते बघून बायकाही हात हलवायला लागल्या. मला तेव्हा फार बरं वाटलं, आणि त्यात माझा मोठेपणा किती आणि किती नाही हा हिशेब मी केला नाही.

मग पैठणीचा खेळ. विदूषकाने आयुष्यात असलं काही घेतलं नव्हतं, पण तो हुशार होता, त्याने सातारा विरुद्ध सांगली अशा बाजूच पाडल्या. फुग्यांच्या फेरीत अंबूबाईने साताऱ्याची लाज राखली. लिंबू-चमच्यात स्वप्नाली कपाळावर हात मारत बाद झाली. क्रांती माझ्याशेजारी बसली होती, ती खेळणार नव्हती. पण संगीत खुर्चीला दोन्हीकडून सारख्या बायका हव्यात आणि साताऱ्याची एक कमी पडते म्हणून आमच्याच बायकांनी तिला हात धरून ओढत नेलं, टाकीच्या पाण्याचं भांडण त्या क्षणी कुणाला आठवलं नाही. आणि आत गेल्यावर ती खेळायलाच लागली. सव्वीस वर्षांच्या संसारात मी तिला अशी पळताना पाहिलं नव्हतं. नजर सतत टेबलावरच्या त्या मोरपंखी घडीवर.

संगीत खुर्चीत एकेक गळत गेली आणि शेवटी एक खुर्ची, दोन बायका राहिल्या. क्रांती आणि अंबूबाई. बँडची ध्वनिफीत थांबली तेव्हा क्रांती खुर्चीच्या जवळ होती. पण ती बसायला वळली आणि अंबूबाई वळलीच नाही, ती पाठमोरी होती तशीच मागे बसली. क्रांती तिच्या मांडीवर. विदूषकाने अंबूबाईचा हात वर केला. तंबू डोक्यावर घेतला लोकांनी. क्रांती हसत उठली, पदर सारखा केला आणि जागेवर येऊन बसली.

समारोपाला धैर्यशीलने माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ. स्वयंपाकघर आता होणार असं त्याने जाहीर केलं, आणि 'आमच्या दाजींनी शब्द दिला आणि पाळला' असं माइकवर म्हणाला. सासरची सगळी माणसं समोर. मग माइक माझ्या हातात आला. आभारप्रदर्शन मला पाठ आहे. मी शाळेचे आभार मानले, मॅनेजर अर्जुनांचे मानले, झोकेवाल्यांचे, शिस्तीबद्दल सुभेदारांचे, प्रसिद्धीबद्दल स्वप्नालीचे, विजेत्या अंबूबाईंचे, गाडीबद्दल पप्पूचे. वीज आणि पाण्याची सोय करणाऱ्यांचेही मानले. शब्द पाळणं ही आमच्या घराण्याची रीतच आहे, असंही एक वाक्य गेलं.

उन्हं कलताना गाडी निघाली. कराडच्या पुढे वारा गार झाला. क्रांती खिडकीशी हात आवळून बसली होती. मी शाल उलगडून तिच्या अंगावर टाकायला गेलो, तिने ती बाजूला सारली.

"तुमच्या सत्काराची आहे," ती म्हणाली. आवाज साधाच होता. "सगळ्यांचे आभार मानलेत. विजेचे मानलेत, पाण्याचे मानलेत. माझं नाव आलं का एकदा तरी?"

मी पहिल्यापासून आठवून बघितलं. आलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. शब्द माझा म्हणून शाल मला मिळाली होती, आणि तो शब्द उभा राहिला होता तिच्या साडीवर. अशी पैठणी तिला माहेरून पहिल्यांदाच मिळणार होती, आणि मी तिच्याबद्दल सबंध तंबूत एक अवाक्षर काढलं नव्हतं. "तशीच साडी मी घेईन तुला," मी म्हणालो.

"माहेरची साडी नवऱ्याला घेता येत नाही," ती म्हणाली आणि परत बाहेर बघू लागली.

मी उठलो. पप्पूला गाणी बंद करायला आणि आतला दिवा लावायला सांगितलं. अर्धी गाडी पेंगत होती. "जरा लक्ष द्या," मी म्हणालो, आणि माझा आवाज मलाच परका वाटला. "आभार मानताना एक नाव राहिलं. आजचा खेळ झाला तो हिच्यामुळे. ती पैठणी क्रांतीची होती. भावाने तिच्या ओटीसाठी आणलेली. ती तिने दिली. मी नुसता बोललो होतो, केलं हिने. तेव्हा ही शाल हिची."

सुभेदार झोपेतून उठून सरळ बसले. क्रांती माझा शर्ट ओढत होती, "बसा हो, लोक बघतायत." मागच्या बाकावरून अंबूबाई पुढे आली, साडीची पिशवी छातीशी धरून.

"ही तुजी व्हती?" तिने क्रांतीला विचारलं.

"होती."

"आगं मग खुर्चीपाशी सांगायचंस की."

"खेळात काय सांगायचं, काकू?"

अंबूबाई विचार करत उभी राहिली. सगळी गाडी तिच्या पिशवीकडे बघत होती, मीही बघत होतो. ते तिच्या ध्यानात आलं असावं, कारण तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली, आमच्यापासून लांबच्या.

"जिकल्याली वस्तू मी द्यायची न्हाई," ती म्हणाली. "आठ दिस फुगं फुगवलं मी. पन शेजारीच हाय. तुला नेसावीशी वाटली तर कवा बी दार वाजव. घडी मोडायला बी ये, पयल्यांदा तूच नेस."

क्रांती हसली. दुपारपासून पहिल्यांदा अशी हसली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. मग माझ्या हातातली शाल घेऊन तिने अंगाभोवती नीट गुंडाळली. नारळ तेवढा परत माझ्या मांडीवर ठेवला.

"हा तुमचा," ती म्हणाली. "घट्ट धरा, वळणावर सुटेल."

साताऱ्यापर्यंत मी तो दोन्ही हातांनी धरून बसलो.